भुऱ्याचं पथ्य

भुऱ्या पुन्हा पादला. मंदाबाईने नाकाला पदर लावला, तव्यावरची भाकरी तशीच टाकली आणि अंगणात जाऊन उभी राहिली. तिचा नवरा खुशाल मात्र जागचा हलला नाही. तो टक लावून कुत्र्याकडे पाहत होता. पोट पुन्हा टम्म झालं होतं.

सेलूच्या गुरांच्या डॉक्टरने साफ सांगितलं होतं. डाळ बंद, दूध बंद, कोबीची पानं बंद, शिळंपाकं तर अजिबात नाही. नुसता मऊ भात आणि उकडलेला लाल भोपळा, तोही एकदम न वाढता थोडा थोडा. खुशालने हे पथ्य इतक्या निष्ठेने पाळलं, की माझ्या बाळंतपणात तुम्ही एवढं कधी केलं नाही, असं मंदाबाईने दोनदा ऐकवलं. एव्हाना कुत्र्याचं पोट हलकं व्हायला हवं होतं. उलट वास वाढला होता.

"कोनी तरी याले चोरून खाऊ घालून राह्यलं," खुशाल म्हणाला.

"माह्याकडं काय पाहता? म्या नाई देल्लं, बाप्पा."

बायकोवर त्याचा संशय नव्हताच. संशय धुऱ्यापलीकडे, बांधाच्या त्या बाजूला होता. सकाळीच त्याने काडी घेऊन कुत्र्याची घाण उकरून पाहिली होती. माणूस संशयाला लागला की त्याला कशाची किळस राहत नाही. त्या घाणीत बरबटीचे, म्हणजे चवळीचे, अख्खे दाणे निघाले. खुशालच्या वाडीत यंदा वांगी आणि कोबी होती. बरबटीच्या शेंगा लोंबत होत्या त्या तानबाच्या वाडीत.

तानबा म्हणजे त्याचा सख्खा मोठा भाऊ. केळझरजवळची बापाची भाजीपाल्याची वाडी दोघांनी वाटून घेतली, तेव्हा मधल्या धुऱ्यावरून जुंपली. धुरा म्हणजे तरी काय, हातभर रुंदीची मातीची पट्टी. पण तेवढ्या मातीपायी भावाभावांचं बोलणं तुटलं. माय तानबाकडे राहिली, कुत्रा खुशालकडे आला. धुऱ्यापलीकडे पुन्हा पाय टाकणार नाही, असं खुशाल चार लोकांत बोलून बसला होता, आणि तो शब्द त्याने पाळलाही. मायचे निरोप येत. गुडघे धरलेत, येऊन जा म्हणे. खुशालला त्यातही तानबाचीच चाल दिसे. बोलावून घेईल आणि धुरा सोडल्याच्या कागदावर सही मागेल.

आता तर चाल उघडच होती. आधी कुत्र्याला खायची चटक लावायची, मग एक दिवस त्यात फवारणीचं औषध कालवायचं. भुऱ्या मेला की रानडुकरं एका रात्रीत कोबी साफ करणार. दोन वर्षं असं झालं की खुशाल वाडी विकणार, आणि घेणार कोण? तानबाच. असा खुशालचा हिशेब जुळला. कोबीचं एक वेळ जाऊ द्या, पण भुऱ्यावर त्याचा जीव होता. पोटच्या पोराइतका होता.

"मंदा, आज त्याले बांधजो नको," तो म्हणाला. "मोकळा सोड. म्या पाहतो कुठी जाते तं."

दुपारी तो वाडीच्या कडेला लावलेल्या तुरीच्या ओळीत दडून बसला. भुऱ्या भात चाटूनपुसून बाहेर आला. इकडे हुंगलं नाही, तिकडे पाहिलं नाही. जेवणाचं आवतण असलेल्या पाहुण्यासारखा तो सरळ निघाला, धुरा ओलांडला आणि तानबाच्या गोठ्यामागे दिसेनासा झाला.

खुशाल वाकून वाकून धुऱ्यापर्यंत आला आणि थांबला. चार लोकांत दिलेला शब्द आडवा आला. परत फिरावं की हाक मारावी, याचा विचार चालला असतानाच गोठ्यामागून भुऱ्याचं कुईं कुईं ऐकू आलं. घातलं, आज औषध घातलं! खुशालने हातातली काठी घट्ट धरली आणि धुरा ओलांडून पळत सुटला.

गोठ्यामागे तानबा नव्हताच. कडुनिंबाच्या सावलीत बाज होती, आणि बाजेवर कौशल्याबाई बसली होती. त्याची माय. त्याला आठवत होती त्याच्या निम्मी उरली होती. गुडघे सुजून टम्म झाले होते. मांडीवर बरबटीच्या उसळीची थाळी होती. तीत भाकर कुस्करून ती एकेक घास भुऱ्याला भरवत होती, आणि भुऱ्या आनंदाने कुईं कुईं करत तिचा हात चाटत होता. खुशालने काठी खाली केली. पण राग एवढा भरला होता, की तोंडातून तोच आधी बाहेर पडला.

"माय, तू? काऊन चारून राह्यली त्याले हे? डॉक्टरनं मना केलं हाय! पोट फुगून मरन ना तो!"

कौशल्याबाई दचकली नाही. तिने थाळी बाजूला सरकवली, हात पदराला पुसले आणि बाजेवर त्याच्यासाठी जागा केली.

"मले मालूम हाय बरबटी त्याले सोसत नाई," ती म्हणाली. "माह्ये गुडघे गेले, तं तू आला नाई. म्हनलं, कुत्र्याचं पोट फुगलं तं येशीन."