बाबांची खरेदी

"अ‍ॅफिलिएट प्रोग्रामची गंमतच ही आहे बाबा," परगावातून फोनवर त्याने रंगवून सांगितलं होतं, "माझ्या लिंकवरून एकदा दुकानात शिरलात, की मग महिनाभर काहीही घ्या, कमिशन मलाच!" दोस्तांनी हसण्यावारी नेलं. लिंक उघडली ती एकट्या बाबांनी. आईसाठी मिक्सर घेतला.

कमिशनच्या रिपोर्टमध्ये गिऱ्हाइकाचं नाव येत नाही, पण घेतलेल्या वस्तू दिसतात. हे मात्र तो बाबांना सांगायला विसरला होता. आज रिपोर्ट पाहिला आणि त्याने तडक घरी फोन लावला.

"बाबा, आईला द्या जरा."

"ती शेजारी गेलीय गप्पा मारायला. तिचा पाय घरात ठरतो का कधी?"

स्क्रीनवर मिक्सरच्या खाली मोठ्या माणसांचे डायपर होते. त्याखाली अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून देतात ती हवेची गादी.

"खरं सांगा बाबा. बरी आहे ना ती?"

"तिला काय धाड भरलीय!" बाबा हसले. "तू आपलं बघ. कमिशन पडतंय ना नीट?"

"पडतंय, बाबा."