घाई नाही, काका

“आई, माझा चष्मा पाहिलास का? हो की नाही, एवढंच सांग! तुला विचारणं म्हणजे भिंतीला विचारणं!” लेक कडाडली आणि आईच्या तोंडून शब्द फुटेपर्यंत दार आपटून कामावर निघूनही गेली. हे रोजचंच होतं. चष्मा फ्रिजवर होता आणि आईला नेमकं तेच सांगायचं होतं.

तो पोहोचवायला आई तिच्या प्रयोगशाळेत गेली. अर्धवट उघड्या दारातून आत एक म्हातारे गृहस्थ दिसले. त्यांच्या डोक्यावर तारांची टोपी होती. समोरच्या पडद्यावर लाल ठिपका आला की बटण दाबायचं, एवढंच काम. पण त्यांचं बोट दर वेळी मागे पडत होतं. शेजारी उभी असलेली लेक लोण्यासारख्या आवाजात सांगत होती, “घाई नाही, काका. वय वाढलं की मेंदूतली लहर जरा उशिरा उठते, पण उठते. तुम्ही सावकाश दाबा, आम्ही थांबतो ना.”

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दार ढकलून ती आत शिरली, चष्मा लेकीच्या हातात कोंबला आणि म्हणाली, “उद्यापासून मलाही घाल ती टोपी.”

“अगं, हळू बोल!” लेक दबक्या आवाजात म्हणाली. “इथे बाहेरची माणसं लागतात. तू तर घरची.”

 

“घरची होऊन पाहिलं. आता मला परकीच धर.”