चिकटपट्टी

नात रडली की तिचे ओठ निळे पडत. "हृदयाचं ऑपरेशन होईपर्यंत हिला रडू देऊ नका," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आणि सगळं घर मांजराच्या पावलांनी चालू लागलं. जन्मभर बँडमध्ये ढोल बडवलेले आजोबा उशीत तोंड खुपसून शिंकू लागले. दाराच्या बेलवर चिकटपट्टीही त्यांनीच लावली. शेजारच्या वहिनी आल्या की दारावर नुसतं नखानं टकटक करायच्या.

"एकदा ऑपरेशन होऊ द्या," आजोबा कुजबुजायचे, "मग बघा, पोरगी घर कसं डोक्यावर घेते ते!"

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी घरात दिवा दिसला, तशा वहिनी लगबगीनं आल्या. सवयीनं नखानं टकटक केलं. आजोबांनी दार उघडलं, बाहेर आले आणि बेलवरची चिकटपट्टी खरवडून काढू लागले.

वहिनींचा चेहरा उजळला. "म्हणजे झालं ना सगळं नीट?" त्यांनी हळूच विचारलं.

चिकटपट्टीचा बोळा मुठीत धरून आजोबा कितीतरी दिवसांनी आवाज न दाबता बोलले,

 

"आता बेल वाजवा खुशाल, वहिनी. ती उठायची नाही."