जवारीचे दोरे

पक्षाघातानंतर यासीनभाईंचा मेंदू टेबलावरच्या कॉम्प्युटरमधल्या एका प्रोग्रामच्या आधाराने चालत होता. त्या प्रोग्रामची कोणती आवृत्ती चालवायची, हे कायद्याने त्यांनीच ठरवायचं होतं. चौथ्या आवृत्तीत झटके यायचे, आणि डॉक्टरांच्या मते पुढचा झटका जिवावर बेतणार होता. कालपासून चाचणीसाठी चालू असलेल्या सातवीत एकही आला नव्हता. निवडायला आता तीन मिनिटं उरली होती.

“सातवीच कायम करतो,” ते मुलीला म्हणाले.

“आधी हा तंबोरा ऐका, अब्बा.” शिरीनने तारा छेडल्या.

चाळीस वर्षं मिरजेत तंबोरे घडवणाऱ्या यासीनभाईंनी डोळे मिटले. “जवारी झकास लागलीय. कुणी लावली?”

शिरीनने मूठ उघडली. तारांखाली सरकवून जवारी, म्हणजे तो गुंजारव, आणणारे चारही दोरे तिच्या तळहातावर होते. दोऱ्यांशिवाय तंबोरा गुंजत नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

“म्हणजे सातवी मला नसलेली जवारी ऐकवतेय,” यासीनभाई म्हणाले. मग त्यांनी पडद्यावर चौथीकडे बोट नेलं.

शिरीनने त्यांचं मनगट धरलं. “राहू द्या, अब्बा. मी उगाच ऐकवलं.”

“दोरे घाल,” मनगट सोडवून घेत ते म्हणाले.