वरची पाटी

पडद्यावर पुन्हा तेच उमटलं: फाइल खराब आहे. रुग्णालयाच्या संचालकबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, शेजारी बसलेल्या डॉक्टरांनीही. साहेबांचा चेहरा मात्र लग्नघरासारखा उजळला. नव्या मुलीची नोकरी कायम करायची की नाही, ते आज याच पडद्यावर ठरणार होतं.

काम तसं सरळ होतं. प्रयोगशाळा रुग्णांचे अहवाल आवळून, लहान करून पाठवायची. वॉर्डातल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरांवरचे ब्राउझर ते उलगडता उलगडता मान टाकायचे आणि डॉक्टर ताटकळत बसायचे. म्हणून तिने वाटेत प्रॉक्सी नावाचा एक मधला प्रोग्राम बसवला होता. अहवाल त्याने आधीच उलगडायचे आणि ब्राउझरच्या हाती मोकळे द्यायचे.

या कॉम्प्युटर खात्याला साहेबही होते. सर्व्हर बाहेरच्या कंपनीकडे गेले होते, दुरुस्ती दुसऱ्या कंपनीकडे, आणि तक्रारी हिच्याकडे. साहेबांकडे उरली होती एक खोली आणि दारावरची पितळी पाटी: प्रणालीप्रमुख. ती पाटी ते रोज सकाळी आपल्या रुमालाने पुसत. या एका कामात त्यांनी कधी कुचराई केली नाही.

मुलीने खाली मान घालून प्रोग्रामच्या दोन-तीन ओळी वाचल्या आणि कपाळावर हात मारला. चूक आपलीच आहे, ती म्हणाली. प्रॉक्सी अहवाल उलगडत होता, पण ‘आवळलेला आहे’ ही त्याच्यावरची पाटी तशीच पुढे जात होती. ब्राउझर बिचारा पाटीवर विश्वास ठेवून उलगडलेलंच पुन्हा उलगडायला बसत होता.

साहेब अशा संधीची वाटच बघत होते.

“अगं, जे आत उरलेलंच नाही, त्याची पाटी बाहेर कशाला? बघणारा फसतो. आधी पाटी उतरवायची. शेंबड्या पोरालाही कळतं हे.”

तिने पाटी काढून टाकली. अहवाल लख्ख उघडला. डॉक्टर खुर्ची पुढे ओढून वाचायला लागले. संचालकबाई मात्र पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या साहेबांकडे बघत होत्या.

“साहेब, लाख बोललात,” त्या म्हणाल्या. मुलीला कायम करा, असंही जाता जाता सांगून गेल्या.

साहेबांनी ते कौतुक दिवसभर सगळ्यांना ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे खिशातून रुमाल काढत दारापाशी आले. ती समोरच्या टेबलावरून बघत होती. दारावर पुसण्यासारखी आता स्क्रूची चार भोकंच उरली होती.