उठबस

“अकरा!” संशोधक बाई म्हणाल्या. “गेल्या वेळेपेक्षा दोन जास्त. शाब्बास, आजी.”

थोरली धापा टाकत खुर्चीत टेकली. शाबासकीचं तिला कौतुक नव्हतं. “आणि धाकटीचे किती?”

म्हातारपणी माणसं किती जगतात आणि त्यातली किती वर्षं धडधाकट जगतात, याची पाहणी चालू होती. हात न टेकता अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येतं, ते बाई दर सहा महिन्यांनी घरी येऊन मोजत. दोघी जावा पाहणीत होत्या. धाकटी शहराच्या दुसऱ्या टोकाला लेकीकडे राहायची. दोघींत बोलणं नव्हतं, हेवादावा मात्र लग्नापासूनचा. आधी साड्या, मग पोरांचे मार्क, मग सुना. आता हे.

“दुसऱ्यांचं सांगायचं नसतं, आजी.”

“मी काय गावभर करणार आहे?”

बाईंनी कागद पिशवीत भरले. “तेरा,” खिडकीकडे बघत त्या म्हणाल्या.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षांपूर्वी पडल्यावर तिने अंथरूण धरलं होतं, जेवणावरची वासनाही उडाली होती. मग बाईंकडून कळलं, धाकटी अजून टुणटुणीत आहे. दुसऱ्या दिवशी थोरली भिंत धरून उभी राहिली होती.

“तेरा! जन्मात कधी काडी इकडची तिकडे केली नाही, म्हणून मेलीचे गुडघे कोरे करकरीत राहिलेत,” ती म्हणाली. “सूनबाई, उद्यापासून जिना मी दोनदा चढणार. बघतेच तिला.”

सुनेने सासूपुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

संध्याकाळी बाई धाकटीच्या घरी पोचल्या. लेकीने दार उघडलं, तोच आतल्या खोलीतून आवाज आला, “किती झाले तिचे?”

“अकरा.”

“चढतेय की! आणि माझे?”

“तेरा सांगितले. तुम्ही म्हणाला होतात तसे.”

बाई पलंगाशी बसल्या. धाकटीचा लुळा हात चादरीबाहेर लोंबत होता, तो त्यांनी उचलून तिच्या पोटावर ठेवला.

“आजी, त्या फार जळतात हो तुमच्यावर. एकदा तरी जिंकू द्या ना त्यांना.”

“मुळीच नाही,” धाकटी म्हणाली. “जिंकली की ती बसेल. आणि बसली की पुन्हा उठायची नाही.”