सगळ्यात घट्ट दगड

प्राध्यापक अनसूया नेरूरकर विद्यार्थ्यांना घेऊन कुडाळजवळच्या टेकडीवर पोचल्या, तर तिथे खाण झाली होती. त्या भागातला सर्वांत जुना खडक फक्त इथेच उघडा दिसायचा. त्याचा नकाशा करण्यात त्यांचं तारुण्य गेलं होतं.

“अडीचशे कोटी वर्षं टिकला होता तो,” त्या आपलं नाव सांगून खाणमालकावर कडाडल्या. “आणि तुम्ही त्याची खडी केलीत?”

मालक गोंधळला. “बाई, तुमच्याच नकाशात लिवलेला हा ना, हयलो दगड सगळ्यात घट्ट म्हणान? ता बघूनच मी ही जागा घेतलंय.”

त्यांनी हातातला हातोडा पिशवीत टाकला आणि विद्यार्थ्यांना मागे वळवलं.

परतताना एका विद्यार्थिनीनं भीत भीत विचारलं, “मॅडम, नव्या नकाशात इथे काय दाखवायचं?”

“खाण,” त्या दातओठ खात म्हणाल्या. “आणि खाली माझं नाव तसंच ठेवा.”